मुधोळचं कुत्रं आणि आठवा मजला

सीमाभागातून हैदराबादला आलेल्या आपल्या घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. नोकरी पक्की झाली, कुकटपल्लीत फ्लॅट झाला, पोर शाळेत जायला लागली, की पुढचं वाक्य येतं, "आता एक कुत्रं आणू या." मग कुठल्या जातीचं आणावं यावर घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. तेलुगूत कुत्र्याला 'कुक्क' म्हणतात, त्यामुळे इथली आपली पोरं कुकटपल्लीच्या नावावरूनही विनोद करून घेतात. पण विषय तसा हसण्यावारी नेण्याचा नाही. कुत्रं आणणं म्हणजे दहा-बारा वर्षांचा संसार, आणि त्यातला एक पक्ष मुका.

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात हाच विषय चालू आहे. माझा भाचा केपीएचबी कॉलनीजवळ आठव्या मजल्यावर राहतो. नवरा-बायको दोघंही हायटेक सिटीत नोकरीला. सहा वर्षांच्या नातीला कुत्रं हवंय. माझे अण्णा जमखंडीजवळ शेतात राहतात. त्यांनी तर निकालच देऊन टाकला, "नम्म मनेगे नम्म नाई!" आपल्या घराला आपलंच कुत्रं. म्हणजे मुधोळचं. पिल्लू शेजारच्या वस्तीवर ठरवलंसुद्धा. भाच्याचा मला फोन, "आत्या, तूच सांग आता अण्णांना."

मुधोळचं नाव निघालं की आपल्याकडे मराठी घर काय आणि कन्नड घर काय, छाती सारखीच फुगते. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात या जातीला राजाश्रय मिळाला. मालोजीराव घोरपड्यांनी यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, ही गोष्ट तिकडे पोराटोरांनाही पाठ असते. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. २०१६ मध्ये लष्करानं ही कुत्री मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीच्या जतनासाठी सरकारी केंद्रही आहे. सोलापूर-लातूरकडे याच घराण्यातल्या कुत्र्याला 'कारवान' म्हणतात, आणि कानाशेपटीला लांब केस असले तर 'पश्मी'.

पण हे कुत्रं घडलंय कशासाठी, ते पाहा. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. नजरेनं सावज टिपायचं आणि मोकळ्या माळावर सशामागं सुटायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. घरात ते शांत असतं, फारसं भुंकत नाही, आखूड केसांमुळे घरभर पसाराही होत नाही. परदेशात शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लोक फ्लॅटमध्ये आनंदानं पाळतात, ते याच गुणामुळे. अण्णांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तिकडे मात्र कुंपण घातलेली मैदानं असतात. इथं खाली उतरलं की सेलरमधल्या गाड्या, बाहेर शेअर ऑटो, आणि मुख्य रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधून वाहणारी गर्दी. समोरून मांजर पळालं आणि हातातला पट्टा सुटला, तर मुधोळच्या कानात कुणाची हाक शिरत नाही. शिवाय परक्या माणसानं अंगाला हात लावलेला त्याला सहसा रुचत नाही, आणि लिफ्टमध्ये तर रोज परकी माणसं. तेव्हा मी अण्णांना एवढंच म्हटलं, खोट कुत्र्यात नाही, आठव्या मजल्यात आहे. गावाची आठवण आपल्याला येते म्हणून त्या जिवाला बाल्कनीत का कोंडायचं?

मग दुसरी कुठली जात? बाजारात जी दिसते ती एकेक पाहू. २००३ सालच्या हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले. आकारानं ते फ्लॅटला बरोबर बसतात. पण चपट्या नाकामुळे त्यांना श्वास घेणं अवघड जातं, आणि हैदराबादचा एप्रिल-मे चाळीस अंशांच्या वर जातो. वीज गेली तर त्यांच्या जिवाला घोर. हस्की हे तर बर्फातलं कुत्रं. त्याला इथं आणून दिवसभर एसीत ठेवणं म्हणजे केवळ हौस.

लॅब्रॅडोर स्वभावानं सोनं. पण त्याला रोज तासभर तरी भरपूर चालवावं लागतं. तेवढा वेळ दिला नाही, तर ते खाऊन लठ्ठ होतं, आणि पुढं कमरेची दुखणी घेऊन बसतं. बीगल छोटं आणि देखणं, पण नाकानं माग काढणारं. एकटं पडलं की सूर लावतं, आणि मग शेजारी दार वाजवतात.

'हम आपके हैं कौन' या १९९४ च्या चित्रपटातला टफी आठवतो ना? आपण त्याला पामेरियन म्हणायचो, पण तो इंडियन स्पिट्झ. आपल्या हवेला सरावलेला, लहान चणीचा, फ्लॅटमध्ये सहज रमणारा. मात्र केस रोज विंचरावे लागतात, आणि बेल वाजली की तो भुंकणारच.

आणि ज्याला आपण 'गावठी' म्हणून बाजूला सारतो, तो देशी कुत्रा? हवामान त्याचंच, काटक, हुशार. हैदराबादेत १९९२ पासून ब्लू क्रॉस संस्था काम करते. अशा संस्थांकडून वाढलेलं कुत्रं घेतलं तर एक मोठी सोय होते. त्याचा स्वभाव आधीच कळतो. मुलांत मिसळतं का, एकटं राहतं का, हे पिल्लाकडे पाहून सांगता येत नाही. पिल्लूच घ्यायचं असेल, तर आठ आठवड्यांच्या आतलं विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, हे ध्यानात ठेवा. डोळेही न उघडलेलं पिल्लू पिशवीतून आणून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. सोसायटीला बहुमतानं कुत्र्यावर किंवा त्याच्या लिफ्टमधून जाण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. पण हक्क आहे म्हणून जबाबदारी संपत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इथं बंजारा हिल्सला जेवणाचं पार्सल घेऊन आलेला एक तरुण, जर्मन शेफर्ड अंगावर धावून आला म्हणून जीव वाचवायला पळाला, तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि दगावला. दार उघडण्याआधी कुत्र्याला बांधायला किती वेळ लागतो? पट्टा, दरवर्षीची रेबीजची लस, आणि खाली केलेली घाण स्वतः उचलणं, ही कुठल्याही जातीची पहिली अट.

भाच्याला मी जात सांगितलीच नाही. एक घरगुती परीक्षा सांगितली. महिनाभर कुत्र्याशिवाय कुत्र्याचं वेळापत्रक पाळायचं. रोज पहाटे पावणेसहाला खाली उतरून अर्धा तास चालायचं, रात्री नऊला पुन्हा अर्धा तास. पाऊस असो, डोकं दुखो, ऑफिसचा कॉल असो. घराला कुलूप किती तास राहतं, ते कॅलेंडरवर रोज लिहायचं. सुट्टीत गावाला जाताना कुत्रं कुणाकडे ठेवायचं, त्या माणसाला आत्ताच विचारायचं.

पठ्ठ्यानं अकरा दिवस काढले. कॅलेंडरवर कुलपाचे तास रोज दहाच्या पुढं. बाराव्या दिवशी सूनबाईच म्हणाली, "आत्या, सध्या नको." नात दोन दिवस रुसून बसली. अण्णांनी पिल्लू स्वतःच्या शेतात ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी सूनबाईला तीन दिवस घरून काम मिळणार आहे. मिळालं, तर वाढलेलं देशी कुत्रं पाहायचं, असं ठरलंय. कॅलेंडर भिंतीवर तसंच टांगलेलं आहे.

वाचकहो, जात निवडताना कुत्र्याच्या फोटोआधी स्वतःच्या घड्याळाकडे बघा. दिवसातले दोन तास आणि घरात एक तरी माणूस, एवढं असेल तर बऱ्याच जाती तुमच्या घरी सुखानं नांदतील. तेवढं नसेल, तर सर्वांत शहाणी निवड म्हणजे थोडं थांबणं.