पिवळ्या पळसाचा पत्ता

फाल्गुनात गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्याधुऱ्यावर पळस पेटतो. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनीकडे जाताना केशरी रंग सरत नाही. त्या केशरी गर्दीत क्वचित एखादे झाड पिवळेधमक फुलते. पाने तीच तीन-तीन, चपट्या शेंगेत बी तेच एक. फरक फक्त फुलांच्या रंगाचा. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला पळसाचाच ‘ल्युटिया’ हा उपप्रकार मानतात. हे नाव देणारे विट इंग्रजी अमदानीत याच मध्य प्रांतात वनाधिकारी होते.

या रंगानेच झाडाचा घात केला आहे. पिवळ्या पळसाने गुप्तधन सापडते, त्याच्या मुळीने तंत्र साधते, अशा समजुती विदर्भात घट्ट आहेत. त्यापायी फुले ओरबाडली जातात, साल सोलली जाते, मुळे खणली जातात. आणि बहर आला की आम्ही पत्रकार काय करतो? ‘दुर्मीळ पिवळा पळस बहरला’ असे छापतो. गावाचे नाव, फाट्यापासूनचे अंतर, शेतमालकाचे नावही देतो. आता त्यात मोबाइलच्या रील्सची भर पडली आहे. हे सारे कौतुकापोटी होते, हे मान्य. पण तो पत्ता मुळी शोधणाऱ्यालाही मिळतो.

नुकसान भरून काढणे सोपे नाही. पळसाच्या फुलांवर शिंजीर, साळुंक्या येतात आणि शेजारच्या केशरी झाडांचे पराग घेऊन येतात. त्यामुळे पिवळ्या झाडाचे बी लावले तरी फूल पिवळेच येईल, याची हमी नसते. मूळ झाड राखणे, हाच भरवशाचा उपाय.

इंग्लंडमध्ये ‘लेडीज स्लिपर’ हे पिवळ्या ओठाचे रानऑर्किड हौशी लोकांनी उपटून उपटून संपवले. ते नामशेष झाले असेच मानले जात होते. 1930 मध्ये यॉर्कशायरमध्ये त्याचे एक झाड सापडले. जाणकारांनी ती जागा कित्येक दशके गुप्त ठेवली, फुलण्याच्या दिवसांत पहारा दिला. पुढे क्यू उद्यानाच्या प्रयोगशाळेत रोपे तयार झाली आणि रानात परत लावली गेली. पत्ता लपवला, म्हणून फूल वाचले.

आपल्याकडेही हे जमेल. जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि ग्रामपंचायतीत त्यासाठी समिती असते. लोक जैवविविधता नोंदवहीत पिवळ्या पळसाची नोंद व्हावी, नेमकी जागा मात्र समिती, शेतमालक आणि बीटाचा वनरक्षक यांच्यापुरती राहावी. वृत्तपत्रांनी फूल जरूर छापावे, तालुक्याच्या पुढे पत्ता देऊ नये. पोळ्याच्या सणाला दारात पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवून इडापिडा घालवणारी ही गावे आहेत. त्यांना पळसाचे मोल शिकवावे लागत नाही. ग्रामसभांनी ही नोंद पुढचा बहर येण्याआधी, झाड अजून गर्दीत ओळखू येत नाही तोवरच, करून घ्यावी.