सोय कोणाची, जोखीम कोणाची?

जळगावच्या मेहरूणचे नाव निघाले की जुन्या पिढीला तलाव आठवतो आणि मेहरूणची बोरे आठवतात. नव्या पिढीला मात्र त्या शिवाराला लागून वाढलेली औद्योगिक वसाहत अधिक परिचयाची आहे. पीव्हीसीचे पाइप, ठिबक सिंचनाच्या नळ्यांची वेटोळी, प्लास्टिकच्या चटया आणि डाळीची पोती हा येथून बाहेर पडणारा माल. तो दुकानापर्यंत, तेथून बांधापर्यंत पोहोचविण्याचे काम मोठ्या ट्रकपेक्षा लहान मालवाहू वाहनांकडेच अधिक असते. या वाहनांकडे लक्षपूर्वक पाहिले तर त्यांपैकी अनेकांच्या हौद्यावर, आणि कित्येकांच्या केबिनच्या टपापर्यंत, चौकोनी पाइप व अँगल जोडून केलेला एक लोखंडी सांगाडा दिसतो. बोलीत त्याला कॅरिअर म्हणतात. कारखान्यातून वाहन येते तेव्हा तो नसतो. मालक तो गावातील वेल्डिंगच्या दुकानात करवून घेतो.

अग्रलेखाच्या पानावर चर्चा करावी इतका हा विषय मोठा आहे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि लहान माणसाचे भांडवल कसे वाढते, ते वाढविताना तो कोणती जोखीम पत्करतो आणि त्या जोखमीचा लाभ अखेर कोणाच्या पदरात पडतो, हे पाहावयाचे असेल तर या सांगाड्याइतके बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मूळ वाहनाला कामाप्रमाणे आकार देण्याची पद्धत आपल्याकडे नवी नव्हे. खानदेशात कापसाची बैलगाडी जिनाकडे निघे तेव्हा तिच्या बाजू उंच केलेल्या असत. तीच गाडी शेणखतासाठी निघाली की त्या बाजूंची गरज उरत नसे. गावचा सुतार आणि लोहार हे काम करीत, कारण त्यांना गाडीही ठाऊक होती आणि मालही. शिवाय त्या व्यवस्थेत एक नैसर्गिक तपासणी होती. ओझे पेलण्यापलीकडे गेले की बैल थांबत. इंजिन तसे थांबत नाही. ते ओढीत राहते, आणि चूक कळते ती पाटा तुटल्यावर, टायर फुटल्यावर किंवा वळणावर गाडी कलंडल्यावर.

मे २००५ मध्ये टाटा कंपनीने ‘एस’ हे चार चाकी लहान मालवाहू वाहन बाजारात आणले. लोकांनी त्याचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. तीन चाकी टेंपोपेक्षा थोडे मोठे आणि ट्रकपेक्षा पुष्कळ स्वस्त असे हे वाहन कर्ज काढून घेणे सामान्य तरुणाच्या आवाक्यात आले. पुढे इतर कंपन्यांनीही या वर्गातील वाहने आणली आणि नोकरीची आशा सोडलेल्या अनेकांनी चालक-मालक होण्याचा मार्ग धरला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही उत्पादक भांडवलाची मालकी होय. परंतु कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो आणि भाडे मात्र ठरलेले नसते. म्हणून हाती असलेल्या वाहनातून प्रत्येक खेपेला अधिक माल कसा नेता येईल, हा विचार त्याच्या मनात अपरिहार्यपणे येतो. सांगाड्याचा जन्म या विचारातून झाला आहे. तो हौसेचा प्रकार नव्हे.

येथे प्रथम मालाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. काही माल जड असतो पण जागा थोडी घेतो. डाळीची पोती हे त्याचे उदाहरण. काही माल हलका असतो पण जागा फार अडवितो. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि चटयांच्या गुंडाळ्या या प्रकारच्या होत. सांगाडा वाहनाला जागा देतो, वजन पेलण्याची शक्ती देत नाही. उलट तो त्या शक्तीतून स्वतःचे वजन वजा करतो. ४० मिलिमीटर चौकोनी आणि २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे २.४ किलो भरतो. साध्या सांगाड्याला असा २५ मीटर पाइप लागला असे धरले, तर त्याचे वजन ६० किलो होते. ७५० किलो वाहून नेण्याची क्षमता असलेल्या वाहनाची ८ टक्के क्षमता माल चढविण्यापूर्वीच संपली. दिवसाला तीन खेपा आणि वर्षाला ३०० दिवस असा हिशेब केला, तर ५४ टन लोखंड विनाभाडे फिरविले जाते; म्हणजेच ७२ पूर्ण खेपांचा माल. चटया वाहणाऱ्याला हा तोटा जाणवणार नाही, कारण त्याचे वाहन वजनाने भरण्याआधी जागेनेच भरते. डाळ वाहणाऱ्याने मात्र तोच सांगाडा कायमचा जोडून घेतला तर तो एक तर उत्पन्न गमावतो, नाही तर मर्यादेबाहेर भार भरतो. बहुतेक चालकांना आज हा आणि उद्या तो माल मिळतो. म्हणून नट-बोल्टने बसविता व काढता येणारा सांगाडा हाच हिशेबाने शहाणपणाचा ठरतो.

दुसरा हिशेब लांबीचा आहे, आणि तो अधिक कठोर आहे. शेतीसाठी लागणारा पीव्हीसीचा पाइप सामान्यतः ६ मीटरचा, म्हणजे व्यवहारात वीस फुटी म्हणून ओळखला जाणारा असतो. छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम २.२ मीटर लांब आणि संपूर्ण वाहन सुमारे ३.८ मीटर लांब. पाइप हौद्यात तिरपा टाका, की सांगाड्यावरून केबिनच्या वर न्या. सपाट ठेवलेल्या पाइपचे किमान दोन मीटरांहून अधिक अंतर वाहनाच्या बाहेर राहणारच. सांगाड्याने वाहनाची उंची वाढते, लांबी वाढत नाही, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याची वेळ येऊ नये. तरीही वेल्डिंगच्या दुकानात ‘वीस फुटी पाइप बसेल असा कॅरिअर करून द्या’ ही मागणी होते आणि पुरविलीही जाते.

बाहेर राहिलेल्या या दोन मीटरांचे परिणाम दोन प्रकारचे असतात. मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारे वजन तरफेप्रमाणे पुढचा भाग उचलू पाहते. पुढच्या चाकांवरील भार घटला की सुकाणूवरील ताबा कमी होतो. हा धोका चालकाचा. दुसरा धोका मागून येणाऱ्याचा. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात दुचाकीवरून घरी परतणाऱ्या कामगाराला पुढच्या वाहनाचे दिवे दिसतात, पण त्या दिव्यांच्या अलीकडे आलेली पाइपची टोके दिसत नाहीत. ती टोके नेमकी त्याच्या छातीच्या वा चेहऱ्याच्या उंचीवर असतात. त्याने या भाड्यातला एक पैसाही घेतलेला नसतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. मागे काही अंतर माल बाहेर राहू देणारी केंद्रीय नियमांतील सवलत २०१४ साली काढून टाकण्यात आली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत अनुज्ञेय मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपये दंड ठेवला; अतिभारासाठीही २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये. वाहनात परवानगीवाचून बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याच वर्षी ९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला होता.

एवढे सारे असताना अडचण कोठे आहे? ती ‘बदल’ या शब्दात आहे. ज्या फेरफारामुळे वाहनाच्या मूलभूत स्वरूपात बदल होतो तो ‘बदल’, अशी कलम ५२ मधील व्याख्या आहे. चार बोल्टवर बसविलेला आणि रविवारी काढून ठेवता येणारा सांगाडा हा मूलभूत स्वरूपातील बदल झाला काय? आणि चेसिसला वेल्डिंग करून पक्का केलेला, केबिनवर दीड हात उंच चढलेला सांगाडा? विचारी माणूस या दोहोंत भेद करील. परंतु तो भेद कोठे करावयाचा हे प्रत्यक्षात रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या मनावर राहते. नियम संदिग्ध असला की त्याची किंमत दोन वेळा मोजावी लागते : प्रामाणिक माणसाला भीतीच्या रूपाने, आणि अप्रामाणिक व्यवहाराला वाव मिळाल्याने समाजाला. शिवाय अपघात झाल्यावर हाच सांगाडा विम्याच्या दाव्यातील हरकतीचा मुद्दा होऊ शकतो, हे चालकाला फार उशिरा कळते.

आता लाभाचा विचार करू. वीस फुटी पाइप छोट्या वाहनावर लादून पाठविला जातो तेव्हा बचत कोणाची होते? योग्य लांबीचे मोठे वाहन ठरविले असते तर भाडे अधिक पडले असते. ते वाचले दुकानदाराचे आणि काही अंशी शेतकऱ्याचे. चालकाला मिळते ते नेहमीचेच भाडे, कारण त्याने नकार दिला तर रांगेतला दुसरा तयार असतो. स्पर्धेमुळे जोखमीचा मोबदलाही त्याच्या हाती उरत नाही. दंड झाला तर तो मात्र त्याचा. कायद्याचे शब्द वाहन चालविणाऱ्यावर थांबत नाहीत. जो ते चालवावयास लावतो किंवा चालवू देतो, त्याच्यापर्यंत ते पोहोचतात. व्यवहारात मात्र माल लादून देणारा बहुधा हिशेबाबाहेरच राहतो.

यावर दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले असे की गरिबाच्या पोटावर पाय आणू नका, चालते ते चालू द्या. हे दयाळू दिसते. परंतु मागून येणारा दुचाकीस्वारही गरीबच असतो, आणि अपघातानंतर तुरुंगाची पायरी चढणारा चालकही. दुसरे उत्तर असे की सर्व सांगाडे गॅस कटरने कापून काढा. हे कठोर दिसते, पण निष्फळ आहे. हलका व मोठ्या आकाराचा माल वाहण्याची गरज खरी आहे. ती गरज कायदेशीर मार्गाने भागत नसेल तर ती रात्रीच्या अंधारात भागविली जाईल.

खरा उपाय या दोहोंच्या मध्ये आहे आणि तो खर्चाचा नाही. परिवहन विभागाने प्रचलित वाहनांसाठी सांगाड्याचे मोजके नमुने आखून प्रसिद्ध करावेत. उंची किती, रुंदी हौद्याच्या आत किती, लोखंड कोणते, बोल्ट किती व कोठे, हे त्यात चित्रासह असावे. जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. असे नमुने तयार करून ते भार देऊन तपासणे हा तेथील विद्यार्थ्यांसाठी उत्तम अभ्यास ठरेल. नमुन्याबरहुकूम सांगाडा बसविला की त्याची नोंद एकदाच वाहनाच्या कागदपत्रांवर व्हावी आणि त्यानंतर रस्त्यावर त्याविषयी वाद राहू नये. सांगाडा करणाऱ्या कारागिराने त्यावर आपल्या दुकानाची पट्टी ठोकावी. स्वतःचे नाव लागते तेथे वेल्डिंगही सरळ होते, असा अनुभव आहे.

नमुना कसा असावा याची मूलतत्त्वे कारागिरांना अपरिचित नाहीत. भार केबिनच्या पत्र्यावर येता कामा नये. तो उभ्या खांबांतून हौद्याच्या तळाशी, आणि तेथून आडव्या पट्ट्यांच्या आधाराने चेसिसवर उतरला पाहिजे. बोल्टखाली रुंद लोखंडी पट्टी हवी, म्हणजे पत्रा फाटत नाही. चेसिसला वेल्डिंग करू नये वा मनास येईल तेथे भोक पाडू नये. त्या उष्णतेने आणि छिद्राने तिचे बळ घटते. केबिनच्या मागे भक्कम आडोसा असावा, कारण जोराने ब्रेक लागल्यावर माल पुढे येतो आणि पुढे चालकाचे डोके असते. चौकटीला तिरप्या पट्ट्या द्याव्यात, नाही तर ती वळणावर डोलते. जड माल नेहमी खाली, हलका वर. फाळका बंद झालाच पाहिजे; ज्या मालाने तो बंद होत नाही तो माल त्या वाहनाचा नव्हे.

उरतो तो वीस फुटी पाइप. त्याला कोणताही सांगाडा पुरेसा नाही, हे एकदा मान्य केले पाहिजे. तो लांब हौद्याच्या ट्रकमधूनच जावा, किंवा लहान वाहनासाठी मालाची लांबीच कमी करावी. पाइप तीन मीटर लांबीतही करता येतो. मात्र तोही २.२ मीटरच्या हौद्यात मावत नाही. त्याला सांगाड्यावरून केबिनच्या वर, वाहनाच्या एकूण लांबीच्या आत ठेवण्याची सोय हवी, आणि नियमाने आखलेल्या सांगाड्याचा खरा उपयोग तेथेच आहे. लहान तुकड्यांमुळे शेतात सांधे दुप्पट होतील, चिकटविण्याचे द्रावण व मजुरी वाढेल. हा खर्च खरा आहे. पण तो पावतीवर दिसणारा खर्च आहे. तो कारखानदार, दुकानदार आणि शेतकरी यांच्यात वाटला जाऊ शकतो. आज जो खर्च वाचल्यासारखा वाटतो तो वाचलेला नसून, ज्याचा या व्यवहाराशी काहीही संबंध नाही अशा वाटसरूच्या माथी मारलेला आहे.

मेहरूणच्या शिवारातून निघणारा पाइप आणि ठिबकची नळी यांनी खानदेशातील केळीच्या बागांना पाणी दिले आहे. तो माल बांधापर्यंत नेणारा चालक या व्यवस्थेतील सर्वांत शेवटचा आणि सर्वांत कमी बोलणारा माणूस आहे. त्याच्यावर दया करण्याची गरज नाही. त्याला स्पष्ट नियम, तपासलेला नमुना आणि ‘हा माल माझ्या गाडीत बसत नाही’ असे म्हणता येईल एवढे संरक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी पहिले पाऊल परिवहन विभागाने नमुने प्रसिद्ध करून उचलावे. आणि ते उचलले जाईपर्यंत, माल लादून देणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या दारातून वाहन सुटण्यापूर्वी त्याचा फाळका बंद होतो की नाही, एवढे तरी पाहावे.