अंधार पाहणारा डोळा

डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली का म्हणतो? समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिले की आपलीच चिमुकली आकृती तिथे उभी दिसते, म्हणून! संस्कृतातल्या ‘कनीनिके’त मुलगी आहे आणि लॅटिनमधल्या ‘प्यूपिला’तही. मराठी शिकवणाऱ्याने खरे तर इथेच थांबावे. पण ही बाहुली म्हणजे बुबुळातले नुसते भोक आहे हे कळल्यावर पुढचे वाचल्यावाचून मला राहवेना.

उजेडात हे भोक २ मिलिमीटरपर्यंत आक्रसते, अंधारात ७-८ पर्यंत पसरते. म्हणजे प्रकाश फार तर सोळापट अधिक आत येणार. तेवढ्यावर अवसेच्या रात्री भागत नाही. खरे काम चालते आतल्या पडद्यावर. तिथे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख, आणि रंगाशी देणेघेणे नसलेल्या, पण मिणमिणत्या उजेडाचीही दखल घेणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. दंडपेशींतले जांभळट द्रव्य उजेडाने विटते. अंधारात ते पुरते भरून यायला अर्धा-पाऊण तास लागतो.

शहरात एवढा अंधार कुठला? खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळीला एकदा कार्तिकात मुक्काम पडला, तेव्हा तो भेटला. स्टेशनच्या दिव्यांपासून दूर गेलो. आधी नुसती काळोखाची भिंत. मग शेताचे बांध दिसू लागले, मग डोंगराची कड, आणि तिच्यावर कृत्तिका. कार्तिकाला नाव देणाऱ्या त्याच! गंमत अशी, की रोखून पाहावे तर त्या पुसट होत, किंचित बाजूला पाहावे तर उजळत. पडद्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच.

हे जांभळे द्रव्य बनते ‘अ’ जीवनसत्त्वापासून. ते डोळ्याच्या पडद्यात असल्याचे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ साली शोधले. १९६७ साली ते नोबेलचे मानकरी झाले. हे जीवनसत्त्व कमी पडले की आधी दंडपेशी हात टेकतात. दिवसा चेंडू झेलणारे मूल तिन्हीसांजेला उंबरठ्याशी अडखळते. वेंधळे म्हणून त्याला धपाटा घालण्याआधी, आयांनो, डॉक्टरांना दाखवा. रातांधळेपणा वेळीच बरा होतो. दुर्लक्ष झाले तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून मऊ होतो, आणि मग गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणूनच १९७० साली भारत सरकारने लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना सुरू केली.

घरच्या ताटात पपई, तांबडा भोपळा, पालेभाजी असावी, आणि फोडणीत तेलाची कंजुषी नको. पाल्यातले हे सत्त्व स्निग्धाबरोबरच अंगी लागते. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत चोखून खातो आणि पाला टाकून देतो. डोळ्याला हवे ते त्या पाल्यात असते.