बियाण्याचे बुडीत खाते

गेल्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस पडला तेव्हा, माळ्यावरचा एक डबा खाली काढला. आगाशीच्या वाडीतल्या एका काकूंनी चार वर्षांपूर्वी दिलेले वालपापडीचे बी त्यात होते. "भाऊ, नुसतं ठेवू नका, पेरा," असे त्यांनी बजावले होते. मी मात्र ते जपून ठेवले. लोकांच्या ठेवी जपण्यातच नोकरी गेलेली! डब्यात पीठ आणि किडे निघाले. काकू मधल्या काळात वारल्या, वाडीच्या जागी इमारत उभी राहिली. ते वाण आणखी कोणाकडे आहे का, हे विचारावे तरी कोणाला?

बियाणे बँकांचा बोलबाला हल्ली बराच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे २०२० च्या 'पद्मश्री'मुळे घरोघरी माहीत झाल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी 'बायफ' संस्थेच्या साहाय्याने गावरान वाणांची बँक उभी केली. नेलेले बी पीक आल्यावर दुप्पट परत करायचे, हा तिथला रिवाज. शंभर टक्के व्याज! माझ्या शाखेत असा प्रस्ताव आला असता तर सावकारी म्हणून मी तो फेटाळला असता. पण वालाचा एक वेल दाण्यांचे ओंजळभर दाणे करतो, तिथे कर्जदाराला दुपटीचे काय ओझे? खरा फरक निराळाच आहे. पैसा तिजोरीत झिजतो, बी मात्र मरते. कांद्याचे बी तर आपल्या दमट हवेत वर्षभरातच दगा देते. तेव्हा या बँकेत ठेवींपेक्षा कर्जवाटपालाच महत्त्व.

कायदा आड येत नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. तरीही २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या बटाट्याच्या वाणावरून गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर दावे लावलेच. ओरड झाली तेव्हा ते मागे घेतले गेले. पण वाणच हातचे गेले तर हा हक्क बजावायचा कशावर?

आमच्या विरारच्या सोसायटीत बायकांनी यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी बियांच्या पुड्या लुटल्या. वाणाला वाण! उत्साह चांगला, पण काही पथ्ये हवीत. संकरित बियाण्याच्या पाकिटातले पीक घेऊन त्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच फळ येत नाही. दुधी, काकडी यांचा परागकण मधमाशी कुठून आणील याचा भरवसा नसतो. दुधी कडू लागला तर सरळ फेकून द्यावा, त्याने विषबाधा होते. वाल, चवळी, गावठी टोमॅटो हे त्या मानाने इमानी. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

आमच्या वाट्याला आलेल्या पुडीत वालपापडीच होती. काकूंचीच की दुसरी, ते शेंगा धरल्यावर कळेल. अर्धे दाणे शेजारच्या वहिनींना दिले आहेत. उरलेले राखेत घोळवून बाटलीत भरले आहेत आणि बाटली, सौभाग्यवतींच्या हुकमाने, माळ्यावर न ठेवता चहाच्या डब्याशेजारी ठेवली आहे.