रंगाखालचा पत्रा

जुन्या फियाटचे वेड आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. खामगाव, मलकापूर, चिखलीकडच्या लग्नांतही नवरदेवाला जुनी गाडी हवी असते. अशी एखादी मोडकी गाडी घ्यावी, नीट करावी आणि चार पैसे मिळवावेत, असे आमच्या मुलांना वाटू लागले आहे. हाताला काम शोधणाऱ्या मुलांना आम्ही नको म्हणणार नाही. पण वाचकहो, या धंद्यातली मेख इंजिनात नसते, पत्र्यात असते. ती कशी, हे आमच्या परिचयातल्या मलकापूरकडच्या एका कुटुंबाने गेल्या वर्षभरात चांगलेच अनुभवले. त्यांच्याच परवानगीने, नावे न घेता, ती हकिगत येथे देत आहोत.

कुटुंबात दोघे भाऊ. थोरला ऑटो चालवतो, धाकटा आय.टी.आय.मधून वेल्डरचे काम शिकलेला. चांगल्या बैलजोडीला जेवढे पडतात तेवढ्या पैशांत त्यांनी मुंबईहून 1974 सालची प्रीमियर पद्मिनी आणली. त्यातले 40 हजार आईने बचत गटातून काढून दिलेले. गाडी दिसायला झकास! साईच्या रंगाची, आरशासारखी चमकणारी. विकणाऱ्याने सांगितले, ‘फुल डेंटिंग-पेंटिंग केलेली आहे, बघायचे काम नाही.’ आणि यांनी खरोखरच बघितले नाही. बायकापोरे बसवून, कसारा घाट चढून, धुळे-जळगावमार्गे गाडी घरी आणली. गल्लीत पेढे वाटले.

ही गाडी मुंबईच्या कुर्ल्यात बनत असे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा तो कारखाना. इटालीत 1953 मध्ये निघालेल्या फियाट 1100 चीच ही पुढची पिढी. आपल्याकडे 1964 पासून ती ‘डिलाइट’ या नावाने आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने चालली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी गेली.

आता महत्त्वाचे. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपला खाली जाड लोखंडाची चेसिस असते. वरचा पत्रा सडला तरी जीप उभी राहते. फियाटला तशी वेगळी चेसिस नाही. तिची जमीन, दाराखालचे पोकळ पायदान, खांब, छत हे सगळे मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणजे पत्रा सडला की हाडच सडले! नवी सीट, नवे टायर, वाजणारा टेप, यांनी त्या हाडाला काही होत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मागच्या मडगार्डवर रंगाला चार आण्याएवढा फोड आला. धाकट्याने तेवढाच घासून रंग मारावा म्हणून पॉलिश पेपर घेतला. घासता घासता रंग गेला आणि खाली लांबी लागली. ती संपेचना. खरवडली तेव्हा भाकरीच्या जाडीचा तुकडा हातात आला. लांबीला आम्ही नावे ठेवत नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर उरलेसुरले खड्डे भरायला तिचा पातळ हात द्यावाच लागतो. पण येथे लांबीच्या खाली पत्राच नव्हता. भोकावर जाळी, जाळीवर लांबी आणि त्यावर तो सुंदर साईचा रंग!

मग जमिनीवरचा गालिचा काढला. खाली डांबराचा थर, डांबराखाली पोत्याचा तुकडा, पोत्याखाली रिबिटांनी ठोकलेला डब्याचा पत्रा आणि त्याच्याखाली बोटाने मोडणारा तपकिरी पापड. दाराखालचे पायदान स्क्रू ड्रायव्हरने टोचले तर आरपार गेले. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते, त्यांतल्या एकावर 1998 सालची तारीख. म्हणजे दर मालकाने आपल्यापुरते झाकले, रंग दिला आणि गाडी पुढच्याच्या गळ्यात घातली.

आई दारात उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, ‘काऊन रे, साधी पेटी घ्याची असली त आपन उलटी करून बूड पाह्यतो. एवढी मोठी गाडी घेतली अन् बूड कोनीच नाई पाह्यलं?’ दोघे भाऊ गप्प.

गंज असा लपून का वाढतो? लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज धरतो, मीठ असले तर काम आणखी झपाट्याने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. फोड वर दिसतो तेव्हा आतले बरेचसे खाऊन झालेले असते. आणि पोकळ जागेत तर गंज आतूनच बाहेर येतो. मुंबईच्या गाडीला समुद्राची खारी हवा लागलेली असतेच. आपल्याकडे म्हणाल तर शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाड्या धुतल्या जातात. त्यात आपली काळी माती! मडगार्डच्या आत ती लिंपल्यासारखी बसते आणि ओल धरून ठेवते. पायदानाला खालून पाणी जायला बारीक छिद्रे असतात, ती मातीने किंवा डांबराने बुजली की आत पाणी साचते. गंजावर डांबर फासणे हा तर आपल्याकडचा लाडका इलाज. घराच्या टिनांना खिळ्याभोवती गंज धरतो, तेथेही आपण तेच करतो. गंज खरवडून, कोरडा करून फासले तर डांबर राखते. ओल्या गंजावर फासले तर आतली ओल आतच कोंडते.

खामगावच्या चांदीच्या बाजारात माणूस टंच काढल्याशिवाय चांदी घेत नाही. गाडीच्या पत्र्याचा टंच काढायला तर सोनारही लागत नाही. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक रुमालात गुंडाळून मडगार्ड, दाराचा खालचा भाग, पायदान यांवरून फिरवा. लांबी जाड असेल तेथे तो धरत नाही. बोटाच्या पेराने वाजवा. पत्रा टणटणतो, लांबी थपथप बोलते. गालिचा उचला, डिकीतली स्टेपनी काढा, बॅटरीखाली पाहा, कारण तेथे ॲसिड सांडून पत्रा आधी जातो. दार उघडून किंचित वर उचला, मग बंद करा. दार नीट बसत नसेल तर सांगाडा खचला असेल. विकणारा गालिचा उचलू देत नसेल तर चहा प्यावा आणि घरी यावे.

पुढे काय करायचे यावर घरात दोन रात्री वाद झाला. थोरल्याचे म्हणणे, वरून पत्रा मारू, रंग देऊ आणि आपणही विकून टाकू. कर्जाचा हप्ता डोक्यावर असणाऱ्या माणसाला असे वाटते, त्याला दोष कसा द्यावा? पण धाकट्याने गल्लीतल्या एका काकांना बोलावले. काका एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्मभर पत्राकाम करून निवृत्त झालेले. ते गाडीखाली झोपले, अर्ध्या तासाने उठले आणि म्हणाले, ‘पोरा, सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चढोला त वेल्डिंग धरते कशाले?’ मग त्यांनी थोरल्याला खाली बोलावून एक गोष्ट दाखवली. ब्रेकच्या तेलाची लोखंडी नळी त्या सडक्या जमिनीला लागून गेली होती आणि गंजून कागदासारखी झाली होती. अशा जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच भांड्यातून जाते. नळी एका जागी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. थोरला बाहेर आला तो घाम पुसतच. कसारा घाटात मागच्या सीटवर त्याची दोन्ही लेकरे झोपलेली होती. विकून टाकण्याची भाषा त्यानंतर कोणी काढली नाही.

काम काकांच्या पद्धतीने सुरू झाले. आधी बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी काढून लांब नेली. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज फार घातक आहे. तिच्यातली वाफ भरल्या टाकीपेक्षा लवकर पेटते. मग दारांच्या खांबांना आडवे अँगल मारून सांगाडा जखडला, नाही तर जमीन कापताच गाडी मधोमध वाकते. ‘खरा पत्रा लागेपर्यंत काप’ हा काकांचा हुकूम. हातभर भोक बघता बघता पलंगाएवढे झाले. ग्रील-दरवाजे जोडायची साधी वेल्डिंग या पातळ पत्र्याला भोके पाडते, म्हणून सीओटू वेल्डिंगचे यंत्र भाड्याने आणले. 20 गेजचा पत्रा वाकवून, काठाला काठ लावून, एक टाका येथे तर दुसरा तिकडे, असे थंड करत जोडले. ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. जे घडवता आले नाही ते थोरल्याने कुर्ल्याच्या भंगारातून हुडकून आणले. जेथे गाडी जन्मली तेथेच तिचे सुटे भाग मिळावेत, याची गंमत काकांना फार वाटली. खर्च मात्र खरेदीच्या किमतीला जाऊन भिडला. थोरल्याने रात्रीच्या फेऱ्या वाढवल्या.

जाता जाता कागदांचेही सांगतो. खासगी पाटीची गाडी लग्नात भाड्याने लावता येत नाही, त्याला परवाना लागतो. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्राने वेगळी नोंदणी काढली आहे. तिची फी 20 हजार, मुदत दहा वर्षे. पण ती घेतली तर गाडी प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. हे त्यांना खरेदीच्या आधी कोणी सांगितले नव्हते. गाडीच्या जिवावर जो धंदा करायचा होता तो नाहीच. पण धाकट्याने कापून जोडलेली जमीन पाहायला लोक येतात, आणि नांदुऱ्याहून एक व मोताळ्याहून एक अशी दोन पत्र्याची कामे त्याच्याकडे आली आहेत. नांदुऱ्याच्या कामातून आईच्या गटाचे दोन हप्ते गेले.

त्यांची स्वतःची गाडी अजून रेड ऑक्साइडच्या तांबड्या रंगात अंगणात उभी आहे. दारे मात्र एका बोटाने बंद होतात. वरचा रंग कोणता द्यायचा यावर दोघा भावांचे जमत नाही, आणि आई म्हणते, ‘राहू द्या असीच, आता निदान दिसते त खरं.’