तें साल कोणाचें?

राष्ट्रांच्या आयुष्यांत कांहीं सालें अशीं येतात कीं, त्यांच्या मागचा काळ निराळा आणि पुढचा निराळा, असें सहज म्हणतां येतें. इजिप्त देशाला १९१९ हें साल तसें लाभलें. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला १९३० चें. दोन्हीकडे कापूस पिकतो एवढ्यावरून ही जोडी आम्हीं लावलेली नाहीं. दोन्हीकडे चळवळीच्या अग्रभागीं कायदेपंडित होते, दोन्हीकडे तिचा भार शेतांतल्या व रानांतल्या माणसानें वाहिला, आणि दोन्हीकडे त्याच्या पदरांत फळ पडण्यास फार विलंब लागला. या तिसऱ्या गोष्टीकडे वणीच्या व्यापारी व वकील मंडळींचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इजिप्तची हकीकत थोडक्यांत अशी. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं तेथील शेतकऱ्यांचीं जनावरें नेलीं, चारा नेला, आणि माणसेंही लष्करी कामाला जुंपलीं. युद्ध संपतांच झगलूल पाशा यांनीं स्वातंत्र्याची मागणी मांडली. हे गृहस्थ पूर्वीं वकील व मंत्री होते. ८ मार्च १९१९ रोजीं त्यांस पकडून माल्टा बेटांत धाडण्यांत आलें आणि देश पेटला. मुसलमान व कॉप्ट ख्रिस्ती एकवटले, कैरोंत घरंदाज स्त्रिया रस्त्यावर आल्या, खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनीं रेल्वेचे रूळ उखडले. २८ फेब्रुवारी १९२२ रोजीं इंग्रजांनीं इजिप्तचें स्वातंत्र्य जाहीर केलें, तेंही चार बाबी आपल्या मुठींत राखून. पुढें पार्लमेंट आलें. परंतु जमीन बड्या जमीनदारांकडेच राहिली. तिच्यावर कमाल मर्यादा घालणारा कायदा होण्यास सप्टेंबर १९५२ उजाडावा लागला. रूळ उखडणाऱ्याला तेहतीस वर्षें वाट पाहावी लागली!

आतां घरची गोष्ट. वऱ्हाडाला समुद्र नाहीं. अकोला जिल्ह्यांत दहिहांडा येथें खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडण्यांत आला खरा. परंतु खेडुताला नित्य काचणारा कायदा इकडे जंगलाचा होता. १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमान्वयें राखीव रानांत परवान्यावांचून गुरें चारणें किंवा वनोपज नेणें हा अपराध ठरतो. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळच्या राखीव रानांत गवत कापून तो कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. बापूजी या वणीचेच सुपुत्र. त्यांचा जन्म येथें २९ ऑगस्ट १८८० रोजीं झाला. ज्याची उपजीविका कायद्यावर, त्यानेंच कायदा मोडावा, यांत केवढा त्याग होता हें आम्हां वकिलांस तरी सांगावयास नको. रानाचा हा प्रश्न केवळ वऱ्हाडापुरता नव्हता. त्याच साली २५ सप्टेंबर रोजीं कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें जंगल सत्याग्रहावर गोळ्या झाडण्यांत आल्या.

बापूजींचें स्मरण आम्ही अभिमानानें करतों, आणि तें योग्यच आहे. पण तें गवत कोणाच्या पोटाचें होतें, असा प्रश्न आम्हांस कितीदां पडतो? वकिलाचें पोट त्या पेंढीवर अवलंबून नव्हतें. वणी, मारेगांव, झरी, केळापूर या भागांतल्या कोलामाचें व गोंडाचें होतें. सत्याग्रही तुरुंगांतून सुटला कीं त्याच्या गळ्यांत हार पडे. त्याच रानांत बैल शिरल्याबद्दल दंड भरणाऱ्या कोलामाला हार कोणीं घातला?

१९४७ सालीं स्वराज्य आलें, पण १९२७ चा कायदा जागचा हलला नाहीं. वनवासी जनांवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली कायद्याच्या प्रस्तावनेंत उमटली ती २००६ च्या वनहक्क कायद्यांत. म्हणजे पेंढी कापल्यावर ७६ वर्षांनीं! गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविला, तो जागरूक ग्रामसभेच्या बळावर. कायदा कागदावर आला म्हणून हक्क आपोआप दारीं चालत येत नाहीं, हाच त्याचा धडा.

कोणी म्हणेल, आदिवासींच्या हातीं रान दिलें तर रान उरणार नाहीं. हा आक्षेप निराधार आहे. याच कायद्यानें हक्काबरोबर रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली आहे. शिवाय, वणीभोंवतीं दगडी कोळशाच्या खुल्या खाणींनीं धरणी खोल उकरली, तेव्हां ज्यांस विकास दिसला, त्यांस कोलामाच्या डोक्यावरील भाऱ्यांत मात्र विध्वंस दिसावा, ही दृष्टि न्यायाची नव्हे.

तेव्हां आमची विनंति दोन वर्गांस आहे. वकिलांनीं वनहक्काचे दावे विनामूल्य चालवावेत. कागद नसला तरी गांवांतील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध साठ दिवसांचे आंत उपविभागीय समितीकडे दाद मागतां येते, हें अशिलाला कळलें नाहीं तर दोष अशिलाचा कसा? व्यापाऱ्यांनीं मोहफूल, डिंक, चारोळी घेतांना वजन पुरें धरावें आणि भाव चोख द्यावा. गौण वनोपजाची मालकी आतां कायद्यानें त्या विकणाऱ्याची आहे. तो आपल्या दारांत याचक म्हणून येत नाहीं.

साल थोर ठरतें तें पंचांगांतील तिथीनें नव्हे. १९३० हें साल बापूजींनीं आपलें कर्तव्य करून थोर केलें. तें कोलामाचेंही व्हावें, एवढें काम त्यांनीं आमच्याकरितां शिल्लक ठेवलें आहे.