पाण्याचा पहारेकरी: निरीक्षकाचे हात कोण बळकट करणार?

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या मार्गावर उंद्री हे गाव आहे. उदयनगर या नावानेही ते ओळखले जाते. अशा एखाद्या गावच्या नाल्यात उद्या सकाळी काळे, फेसाळ पाणी वाहताना दिसले आणि काठच्या विहिरीला वास येऊ लागला, तर गावकऱ्याने कोणाकडे धाव घ्यावी?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकू शकतो व पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. परंतु कारखान्याच्या फाटकाआत जाण्याचा अधिकार त्याला नाही. शहरातील नगरपरिषदेचा स्वच्छता निरीक्षक गटारे, कचरा आणि दुकानदारांचे सांडपाणी पाहतो; पण त्याची हद्द शहराच्या वेशीपाशी संपते. ज्याला फाटकाआत जाण्याचा अधिकार आहे, तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी गावापासून दूर, अकोल्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाशी जोडलेला असतो. जबाबदारी अशी तिघांत वाटली गेली की, तक्रारीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि नाला मात्र थांबत नाही.

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. वाचकांना आठवत असेल, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडलेल्या स्त्री-पुरुषांची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि बाधितांची संख्या दोनशेच्या वर गेली. पहिला संशय आला तो पाण्यावर. तो अकारण नव्हता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील भूजलातील क्षारांची तक्रार पिढ्यान् पिढ्यांची आहे. प्रारंभीच्या तपासणीत पाण्यात नायट्रेट व क्षार अधिक असल्याचे सांगण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक जानेवारी २०२५ मध्ये गावांत आले. पुढे फेब्रुवारीत ज्येष्ठ वैद्यक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीच्या आधारे वेगळेच कारण मांडले: स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या गव्हातील सेलेनियमचे अतिप्रमाण.

या प्रकरणातून एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. जेथे पाण्याच्या नियमित व विश्वासार्ह तपासणीची नोंद गावासमोर असते, तेथे पाणी दोषी की निर्दोष हे लवकर सांगता येते. जेथे ती नसते, किंवा असूनही लोकांचा तिच्यावर विश्वास नसतो, तेथे भीती आधी पसरते आणि सत्य मागाहून येते.

याच जिल्ह्यातील लोणार सरोवराने हाच धडा दुसऱ्या प्रकारे दिला. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेकांनी प्रदूषणाकडे बोट दाखविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने तपासले गेले, आणि वाढलेल्या क्षारतेत फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे संशोधकांनी दाखविले. म्हणजे जे डोळ्यांना भयंकर दिसले, ते विष नव्हते. उलट लोणार शहराचे सांडपाणी सरोवराकडे वाहत येते, ही खरी तक्रार मात्र कित्येक वर्षे न्यायालयापुढे होती. तिला रंग नसल्यामुळे तिची बातमी क्वचितच झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणून गटाराचा उतार बदलत नाही. त्यासाठी कोणीतरी रोज गटारापाशी जाऊन उभे राहावे लागते.

हा ‘कोणीतरी’ म्हणजे निरीक्षक. त्याचे काम वरवर साधे दिसते: जावे, बाटली भरावी, प्रयोगशाळेत पाठवावी. प्रत्यक्षात कायद्याने त्याला फार काटेकोर बांधले आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळाची स्थापना झाली. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ साली आला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राने तो स्वीकारला. या कायद्यानुसार न्यायालयात टिकणारा नमुना घ्यायचा असेल, तर अधिकाऱ्याने कारखानदाराला तेथेच नोटीस द्यावी लागते. त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. दोन्ही बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो; कारखानदाराने मागणी केल्यास दुसरा शासनाने ठरविलेल्या प्रयोगशाळेत. यातील एक पायरी चुकली, तरी पाणी कितीही घाण असो, पुरावा कोसळतो.

नमुना घेतल्यावरही काळजी संपत नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याची जी प्रमुख कसोटी आहे, ती जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची. नमुना २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवून त्यातील जंतू किती प्राणवायू खातात, हे पाहिले जाते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. बाटली बर्फात न ठेवता उन्हातून तासन् तास नेली, तर जंतू वाटेतच आपले काम उरकतात आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ ठरते. म्हणून प्रयोगशाळा किती दूर आहे, हा केवळ सोयीचा नव्हे, तर न्यायाचा प्रश्न होतो.

शिवाय घाण सोडणारा निरीक्षकाची वाट पाहत बसत नाही. मुंबईलगतच्या उल्हासनगरात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका टँकरने वालधुनी नदीत रसायन ओतले आणि त्यातून निघालेल्या वायूने शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले. असे प्रकार रात्री, सुट्टीच्या दिवशी, मुसळधार पावसात होतात. दिवसा, पूर्वसूचना देऊन होणाऱ्या पाहणीत सांडपाणी प्रक्रिया यंत्र सुरू असते, मोटारी फिरत असतात, नोंदवह्या भरलेल्या असतात. यंत्र बसविणे आणि यंत्र चालविणे यांत विजेच्या बिलाचे अंतर आहे, हे जाणता अधिकारी आधी विजेचा मीटर पाहतो.

मनुष्यबळाचे काय? २०२४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे जी माहिती ठेवली, तिच्यानुसार देशभरातील राज्य मंडळांतील मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिक्त होती. अशा स्थितीत एका अधिकाऱ्याच्या वाट्याला शेकडो कारखाने येतात आणि त्याचा बराच दिवस संमतिपत्रांच्या कागदांतच जातो. ‘अधिकारी येत नाहीत’ ही गावाची तक्रार खरी असते. पण न येण्याचे कारण नेहमीच बेपर्वाई असते असे नाही.

याहून अवघड प्रसंग असतो तो घाण सोडणारी संस्था शासकीयच असते तेव्हा. जल कायद्याने कारखान्याच्या सांडपाण्यासाठी मंडळाची संमती आवश्यक केली, तशी शहराच्या मैलापाण्यासाठीही केली आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे दहा बादल्यांतील सात बादल्या तशाच नदीत. आता नगरपरिषदेच्या स्वच्छता निरीक्षकाची अडचण पाहा. लहान गिरणीवाल्याने नाल्यात पाणी सोडले तर त्याला तो दंड करतो. त्याच नाल्यात त्याच्याच नगरपरिषदेचे गटार उघड्यावर मिळते, तेव्हा त्याने कोणाविरुद्ध लिहावे? जो पगार देतो, बदली करतो आणि गोपनीय अहवाल लिहितो, त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिण्याची अपेक्षा आपण एका सामान्य कर्मचाऱ्याकडून करतो. गिरणीवालाही हे पाहत असतो. कायदा लहानाला लागू आणि मोठ्याला माफ, असे एकदा दिसले की दंडाची पावती हा केवळ व्यवसायाचा खर्च ठरतो.

कायद्यात दात नाहीत असे म्हणता येणार नाही. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, प्रक्रिया यंत्रणा कार्यरत नसलेल्या उद्योगांना तीन महिन्यांच्या मुदतीनंतर चालू देऊ नये, असा आदेश दिला. परंतु या सर्व अधिकारांचा पाया एकच: नीट घेतलेला, नीट नेलेला आणि निर्भयपणे लिहिलेला नमुना. तो डळमळीत असेल, तर वरच्या न्यायालयाचा निकालही नाल्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून मागणी कोणती करावी, हे आपण समजून घेतले पाहिजे. केवळ ‘कठोर कारवाई करा’ असे निवेदन पुरेसे नाही. रिक्त पदे भरा, प्रयोगशाळा जिल्ह्याच्या आवाक्यात आणा, रात्रीच्या पाहणीसाठी वाहन व संरक्षण द्या, आणि प्रत्येक तपासणीचा निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, अशी नेमकी मागणी हवी. प्रामाणिक निरीक्षकाचा अहवाल एकदा फलकावर लागला की तो फाइलीत दडपणे कठीण होते, आणि बदलीच्या भीतीने एकटा पडलेल्या त्या माणसामागे गाव उभे राहते.

आपणही काही करू शकतो. नाल्याचा रंग वा वास बदलला, की दिनांक, वेळ, ठिकाण लिहून ठेवावे, छायाचित्र काढावे, ग्रामपंचायत व मंडळ या दोघांनाही लेखी कळवून पोच घ्यावी. जलजीवन मिशनखाली गावोगावी महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्यात आले. आपल्या गावातील तो संच वापरात आहे की कपाटात, हे ग्रामसभेत विचारावे. कायद्याने मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात तक्रार नेता येते, आणि हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना जाते: पैनगंगा ते गोदावरीकडे नेते, पूर्णा तापीकडे. येथील नाल्यात जे मिसळते, ते येथेच राहत नाही. आपल्या धर्मग्रामात पुढच्या वेळी पाण्याची चर्चा निघेल, तेव्हा एक साधा प्रश्न अवश्य विचारावा: आपल्या विहिरीचा शेवटचा नमुना कोणी घेतला, केव्हा घेतला आणि त्याचा निकाल कोठे आहे?